न दिसणारं गोंदण

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं हे बोलणं. बैठकीत मोठ्यानं वाचता यावं म्हणून बोललं तसंच छापलं आहे.)



आज बोलायचंय गोंदणाबद्दल. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवीन? आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण होतंच. तुळस, चंद्रकोर, विंचू, धन्याचं नाव. मेल्यावर सोनं-नाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या म्हणायच्या.

पण आजचं गोंदण जरा वेगळं आहे. ते दिवसा दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली हात धरला की निळं, हिरवं, गुलाबी असं चमकायला लागतं. दिवा बंद केला की गेलं. मुली त्याला यूव्ही टॅटू म्हणतात. कुणी रेडियमचा टॅटू म्हणतं.

शिकायला किंवा कामाला शहरात गेलेल्या मुली मोबाईलवर याचे व्हिडिओ बघतात. सुट्टीला घरी आल्या की आईच्या मागे लागतात, "आई, करू का गं? कुणाला दिसणारच नाही." आईला काही सुचत नाही. दिसणारच नसेल तर नाही कशाला म्हणायचं? आणि हो म्हणायचं तर मनात भीती. पण भीती नेमकी कशाची, ते सांगता येत नाही. मग एक तर भांडण होतं, नाही तर मुलगी गुपचूप करून येते.

म्हणून आज हे नीट समजून घेऊ. ही शाई चमकते कशी, कातडीत गेल्यावर तिचं काय होतं, धोका कशात आहे आणि कशात नाही, आणि करायचंच ठरलं तर काय बघून घ्यायचं. एक गोष्ट मात्र आधीच मनात धरून ठेवा. शाई डोळ्यांना दिसली नाही तरी कातडीत ती असतेच, आणि सुई तर रक्तापर्यंत जातेच. लोकांना दिसत नाही म्हणून अंगाला कळत नाही, असं होत नाही.

ही शाई चमकते कशी?

इंद्रधनुष्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग असतात. त्या जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडेही प्रकाश असतो, पण आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. शाळेच्या पुस्तकात त्याला अतिनील किरण म्हणतात. इंग्रजी नावावरून झालं यूव्ही. उन्हातही हे किरण असतात. शेतात काम करून आपली कातडी रापते ती यांच्यामुळंच.

काही पदार्थांना एक खोड असते. हे न दिसणारे किरण ते शोषून घेतात आणि त्यातला काही भाग दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतात. म्हणून ते पदार्थ चमकताना दिसतात. हे तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त नाव माहीत नाही. बँकेत नोटा तपासायच्या यंत्रात जांभळा दिवा असतो. त्याच्याखाली नोट धरली की नंबर चमकतो, कागदातले बारीक धागे चमकतात. ती अशीच शाई. कपडे धुवायच्या पावडरमध्ये पांढरेपणा वाढवणारं एक द्रव्य असतं, म्हणून लग्नात जांभळ्या दिव्याखाली पाहुण्यांचे पांढरे शर्ट निळसर उजळतात. आपल्या घरातली हळदसुद्धा तेलात किंवा स्पिरिटमध्ये कालवून या दिव्याखाली धरली तर हिरवट-पिवळी चमकते.

आणि सगळ्यात नवलाची गोष्ट विंचवाची. रात्री यूव्ही बॅटरी मारली की जिवंत विंचू निळसर-हिरवा उजळतो. अभ्यासक रात्री रानात विंचू शोधायला हीच युक्ती वापरतात. आपल्या आज्यांनी हातावर विंचू गोंदून घेतला, तो मात्र काळ्या शाईचा. खरा विंचू स्वतःच चमकणारं गोंदण घेऊन हिंडतोय.

मग उन्हातही अतिनील किरण असतात, तर हा टॅटू उन्हात का चमकत नाही? तर उन्हाचा उजेड इतका मोठा असतो की त्यात ती चमक हरवून जाते. भर दुपारी काजवा दिसत नाही, तसंच हे.

रेडियम आहे का यात?

गाडीच्या मागं, सायकलला, बैलगाडीला आपण जे चमकणारं स्टिकर लावतो त्याला रेडियम म्हणतो. त्यात रेडियम नावाचं धातूद्रव्य नसतं. समोरून पडलेला गाडीचा प्रकाश ते फक्त परत फेकतं. दुसरा प्रकार म्हणजे दिवा बंद केल्यावरही काही वेळ अंधारात उजळणारे प्लास्टिकचे तारे, पोरं भिंतीला चिकटवतात ते. ते आधी प्रकाश साठवतात आणि मग हळूहळू सोडतात.

यूव्ही टॅटूची शाई या दोन्हींपेक्षा वेगळी. यूव्ही दिवा चालू आहे तोवरच ती चमकते. त्यामुळं रेडियम म्हणून घाबरायचं कारण नाही. पण कुणी "अंधारात आपोआप चमकणारा टॅटू काढून देतो" म्हणालं, तर त्याच्या नादाला लागू नका. तसली भुकटी खेळण्यात ठीक, कातडीत नको.

कातडीत शाई राहते कुठं?

आपल्या कातडीचे थर असतात. वरचा पातळ थर सतत झडत असतो आणि साधारण महिनाभरात नवा येतो. म्हणून मेंदी जाते. टॅटूची सुई त्याच्या खालच्या थरात जाते, एक ते दोन मिलिमीटर आत. त्या थरात रक्तवाहिन्या असतात. म्हणूनच टॅटू काढताना रक्ताचे बारीक थेंब येतात.

आत शाई गेली की शरीराला वाटतं, कुणीतरी परकं शिरलं. रक्तातल्या राखणदार पेशी धावून येतात आणि शाईचे कण गिळून टाकतात. पण ते कण पचत नाहीत. त्या पेशी शाई पोटात घेऊन तिथंच बसतात. त्या मेल्या की नव्या पेशी येऊन तेच कण पुन्हा उचलतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासातून हे दाखवलं. थोडे कण वाहत जाऊन काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींमध्येही साठतात. म्हणजे गोंदण टिकतं ते शाई कापडाला रंग लागावा तशी कातडीला चिकटते म्हणून नव्हे. आपलं शरीरच ती जन्मभर धरून ठेवतं.

जुनं गोंदण काजळीचं. काजळी काळी, पण कातडीतून पाहिली की हिरवट-निळी दिसते. यूव्ही शाईत काजळी नसते. चमकणारं रासायनिक द्रव्य असतं. काही शायांमध्ये ते ॲक्रिलिक प्लास्टिकच्या अतिशय बारीक गोळ्यांत बंद केलेलं असतं. काजळी माणूस हजारो वर्षं गोंदत आलाय. ही नवी द्रव्यं कातडीत तीस-चाळीस वर्षं राहिली तर काय करतील, याचा तेवढा अनुभव कुणाच्याच गाठीशी नाही.

"दिसणारच नाही" हे कितपत खरं?

यूव्ही शाई दोन प्रकारची असते. एक रंगीत. ती दिवसाही भडक दिसते आणि यूव्ही दिव्याखाली जास्त उजळते. ती न दिसणारी नाहीच. दुसरी बिनरंगी. मुली म्हणतात ती ही.

बिनरंगी शाईनं काढलेला टॅटूसुद्धा पहिले काही आठवडे चांगला दिसतो. कारण ती जखम असते. कातडी लाल होते, सुजते, खपली धरते. जखम भरल्यावर लाली जाते, पण सुई फिरली तिथं अनेकदा पांढुरकी, किंचित उंचावलेली रेघ राहते. सावळ्या कातडीवर अशी रेघ जास्त उठून दिसते. ज्यांची जखम भरताना मांस वाढतं, कान टोचलेल्या जागी गाठ आलेली असते, त्यांना टॅटूच्या जागीही तशीच गाठ येऊ शकते. मग ते काळ्या गोंदणापेक्षा जास्त नजरेत येतं.

ऊन या शाईचा शत्रू. उन्हानं चमकणारं द्रव्य विरत जातं. पाच-सहा वर्षांनी दिव्याखालची चमक मंद होते आणि दिवसा मात्र तिथं पिवळसर डाग दिसायला लागतो, असंही होतं. सावलीत काम करणारीपेक्षा शेतात राबणारीचा हात लवकर उन्हाला लागतो, हे आपण लक्षात घ्यायला हवं.

आणि काढून टाकायचं म्हटलं तर? टॅटू लेसरनं काढतात. लेसरचा प्रकाश शाईच्या कणांनी शोषला, तरच ते कण फुटतात. काळी शाई प्रकाश चांगला शोषते, म्हणून ती त्यातल्या त्यात सोपी. बिनरंगी शाई लेसरचा प्रकाश नीट धरत नाही. म्हणजे लपवायला सोपं म्हणून काढलेलं, ते पुसायला सगळ्यात अवघड.

शाईआधी सुई बघा

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॅटूमधला सगळ्यात मोठा धोका रंगाचा नाही, सुईचा आहे.

एकाच्या रक्तात गेलेली सुई दुसऱ्याच्या अंगात गेली की तीन आजार जाऊ शकतात. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. पहिले दोन यकृताचे, म्हणजे काविळीच्या जातीचे. पण पाण्यातून होते ती ही कावीळ नव्हे. ही वर्षानुवर्षं आत गुपचूप राहून यकृत खराब करू शकते. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे काल कुणाला वापरलेली, आज कोरडी दिसणारी सुई सुरक्षित नसते.

जत्रेत बसलेला माणूस एका मशीननं, एकाच सुईनं, एकाच वाटीतल्या शाईनं दिवसभर पोरांचे हात गोंदतो. सुई डेटॉलमध्ये बुडवतो, कापसानं पुसतो, काडी पेटवून धरतो. यातलं काहीही पुरेसं नाही. सुई बदलली आणि शाईची वाटी तीच ठेवली, तरी उपयोग नाही, कारण आधीच्या माणसाचं रक्त त्या शाईत उतरलेलं असतं.

म्हणून सुई नवी, बंद पाकिटातली आणि आपल्यासमोर फोडलेली हवी. काम झाल्यावर ती फेकलेली हवी. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात ओतून घेतलेली आणि उरलेली ओतून दिलेली हवी. हातमोजे नवे हवेत. मशीनचे जे भाग पुन्हा वापरतात ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक केलेले हवेत. हे विचारायला लाजू नका. जो चिडतो, त्याच्याकडून उठून यायचं.

हिपॅटायटिस बीला लस आहे. मोठ्या माणसांना सहा महिन्यांत तीन डोस घ्यावे लागतात. सीला लस नाही, पण औषधानं तो बरा होतो. २०१८ पासून सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. एचआयव्हीची तपासणीही सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात. वापरलेली सुई टोचली गेली अशी शंका असेल तर वाट बघत बसू नका. लगेच सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. लगेच केलेल्या तपासणीत हे आजार सापडतीलच असं नाही, म्हणून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. माहितीसाठी १०९७ हा मोफत फोन आहे.

शाईवर लक्ष कोण ठेवतं?

बाटलीवर छान चित्र असतं, "सुरक्षित" असं लिहिलेलं असतं. पण कातडीत टोचायच्या रंगांवर देखरेख सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेतल्या अन्न आणि औषध प्रशासनानं शोभेसाठी कातडीत टोचायला एकाही रंगाला मंजुरी दिलेली नाही, तरी तिथं टॅटू निघतातच. युरोपातल्या देशांनी जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या ४,००० हून जास्त घातक रसायनांवर बंधनं आणली. म्हणून परदेशी नाव दिसलं की डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही.

शाईत जंतूही असू शकतात. २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर भागात १९ जणांच्या टॅटूवर पुरळ आलं. ते महिनोन्‌महिने राहिलं. तपास केला तर शाईतच क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले जंतू निघाले, न उघडलेल्या बाटलीतसुद्धा. ती शाई यूव्हीची नव्हती, करड्या रंगाची होती. पण धडा सगळ्या शायांना लागू आहे. शाई पातळ करायला नळाचं किंवा बाटलीतलं पिण्याचं पाणी कुणी वापरत असेल तर तिथं थांबायचं. पिण्याचं पाणी पोटाला चालतं, कातडीच्या आत चालत नाही.

भरती आणि रक्तदान

आपल्या मुली आता पोलीस, सैन्य, निमलष्करी दलांच्या भरतीची तयारी करतात. पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. त्यांना हे सांगाच.

सैन्यदलाच्या भरतीत कायमचं गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतं. अंगावर दुसरीकडे चालत नाही. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना परंपरेनुसार सवलत असते. सीमा सुरक्षा दलासारख्या केंद्रीय दलांमध्ये डाव्या हाताची आतली बाजू किंवा हाताची मागची बाजू चालते, आणि गोंदण त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान लागतं. नियम बदलतात, म्हणून ज्या भरतीला बसायचं तिची जाहिरात वाचूनच काय ते ठरवायचं.

"यूव्हीचा आहे, डॉक्टरला दिसणार नाही" या भरवशावर राहू नका. पांढुरकी रेघ दिवसाउजेडीही दिसते. आणि अर्जावर "गोंदण नाही" असं लिहिलं आणि नंतर सापडलं, तर ते खोटं ठरतं. तीन वर्षांची मेहनत एका नक्षीपायी का घालवायची?

रक्तदानाचंही तसंच. टॅटू काढल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही. रक्तपेढीत विचारतात तेव्हा न दिसणाऱ्या टॅटूबद्दलही खरं सांगायचं. ते रक्त एखाद्या बाळंतिणीलाच जाणार असतं.

जिथं न दिसणं हीच माया

आतापर्यंत मी धोकेच सांगितले. पण हीच शाई एका ठिकाणी बायांच्या कामी आलेली आहे, तेही ऐका.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर अनेकींना रेडिएशन, म्हणजे आपण शेक म्हणतो ते, घ्यावं लागतं. आठवड्यातले पाच दिवस, काही आठवडे. रोज तंतोतंत त्याच जागी किरण पडायला हवेत. थोडं जरी इकडं-तिकडं झालं तरी चांगल्या भागाला इजा होते. म्हणून छातीवर खुणा करतात. काही केंद्रांत मार्करनं करतात आणि त्या पुसू नका म्हणून बजावतात. काही ठिकाणी काळ्या शाईचे बारीक, कायमचे ठिपके गोंदतात.

उपचार संपतात, ठिपके राहतात. दुसऱ्याला ते तिळाएवढे दिसतात. पण त्या बाईला रोज आंघोळ करताना, ब्लाऊज घालताना तो आजार आठवतो. शिवाय सावळ्या कातडीवर काळा ठिपका पटकन सापडत नाही, तिळाशी त्याची गल्लत होते.

लंडनच्या रॉयल मार्सडेन या कॅन्सर रुग्णालयात यावर अभ्यास झाला. २०१४ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. स्तनाच्या कॅन्सरच्या ४२ रुग्णांपैकी काहींना नेहमीचे काळे ठिपके दिले आणि काहींना फक्त यूव्ही दिव्याखाली दिसणारे. उपचारांच्या अचूकपणात फरक पडला नाही. उपचार संपून महिना झाल्यावर विचारलं, तेव्हा यूव्ही ठिपके असलेल्यांपैकी ५६ टक्के जणींना स्वतःच्या शरीराबद्दल आधीपेक्षा बरं वाटत होतं. काळे ठिपके असलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. अभ्यास लहान होता, पण त्यातून बाईच्या मनाचं मोल कळतं.

सगळीकडे ही सोय मिळेल असं नाही. पण आपल्यातल्या कुणाला रेडिएशन घ्यायचं असेल, तर डॉक्टरांना विचारा, "खुणा कशा करणार? कायमच्या का पुसल्या जाणाऱ्या?" हा नखरा नव्हे. आणि एखादी ठिपक्यांच्या धास्तीनं उपचारच टाळत असेल तर तिला सांगा, ठिपका कसाही असला तरी शेक सोडायचा नाही. जीव राहिला तर सगळं राहिलं.

कुणी काढू नये, आणि काढल्यावर काय करावं

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी टॅटू काढू नये. साखर ताब्यात नसेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, जखमेवर मांस वाढायची सवय असेल, कातडीचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. हेअर डाय किंवा काळ्या मेंदीनं कधी अंग सुजलं असेल तर तेही सांगावं. अठरा वर्षांखालच्या मुलींना मुळीच नको.

ज्यांनी सगळा विचार करून ठरवलंय, त्यांनी आधी एक ठिपका काढून घ्यावा आणि काही आठवडे थांबावं. ॲलर्जी लगेचच येते असं नाही, उशिराही येते. यूव्ही शाईचं काम दिव्याखाली बघत बघत करावं लागतं, कारण काढणाऱ्यालाही रेघ नीट दिसत नाही. म्हणून आधी असं काम केलेल्या माणसाकडंच जावं. त्यानं काढलेल्या दोन-तीन वर्षं जुन्या टॅटूचे दिवसाचे आणि दिव्याखालचे, असे दोन्ही फोटो मागावेत. ताज्या टॅटूचा फोटो कुणाचाही छानच असतो.

काढल्यावर ती जखम आहे असं समजूनच वागायचं. स्वच्छ पाण्यानं, साध्या साबणानं धुवायचं आणि स्वच्छ कापडानं टिपायचं. हळद, चुना, राख, टूथपेस्ट काही लावायचं नाही. दोन-तीन आठवडे विहिरीत, नदीत, कालव्यात उतरायचं नाही. खपली ओढायची नाही. उन्हात जाताना सुती बाहीनं झाकायचं. शेणात, मातीत हात घालायचे नाहीत, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आधीच आशाताईकडून किंवा उपकेंद्रातून बघून घ्यायचं. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला, काखेत गाठ दुखायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथं टॅटू यूव्हीचा आहे हे सांगायचं, नाही तर डॉक्टरला नुसती सूज दिसेल आणि कारण सापडणार नाही.

आणखी एक. ती यूव्ही बॅटरी पोरांच्या हातात खेळायला देऊ नका. डोळ्यात मारली तर डोळ्याला इजा होते.

मुलीशी बोलताना

आता शेवटचं, आणि थोडं अवघड. मुलगी विचारायला आली तर आधी तिचं ऐकून घ्या. हौस वाईट नाही. आपल्या आज्यांचीही ती हौसच होती. पण आपल्यात अशाही बाया आहेत, ज्यांना लहानपणी धरून बसवून गोंदलं. त्यांना कुणी विचारलं नाही. आज त्यातल्या काही ते पुसायला पैसे मोजतात. म्हणून एक प्रश्न मुलीला नक्की विचारा, "हे तुला हवंय, का कुणी मागतंय?"

न दिसणाऱ्या टॅटूत एक पेच आहे. "कुणाला कळणार नाही" म्हणत मुलीला तयार करणं सोपं असतं. माझं नाव गोंद, कुणाला दिसतंय? असं कुणी म्हणत असेल तर ती हौस तिची नाही. आणि जे लपवून केलं ते पिकलं, सुजलं, तरी मुलगी लपवूनच ठेवते. आजार तिथं वाढतो. मुलीला तुमचा राग माहीत असतोच. काही बिघडलं तर आईकडं येता येईल, हेही तिला माहीत असू द्या. तेवढ्यानं अर्धा धोका टळतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. गावच्या जत्रेत गोंदणारे बसतात का, आणि ते सुई बदलतात का, याची चौकशी करा. बदलत नसतील तर ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला गटाच्या नावानं लेखी कळवा. आशाताईंना बोलावून हिपॅटायटिस बीच्या लसीची माहिती घ्या. आणि तुमच्यातल्या जुन्या गोंदणाच्या बायांना बोलतं करा. कुणी गोंदलं, कशानं गोंदलं, कुणी विचारलं होतं का. मुलींना जवळ बसवूनच ऐका.